सारखं दिसण्याचा हट्ट सोड

तुझा सीताफळविक्रीचा मेल सगळीकडे हुबेहूब सारखा दिसला पाहिजे, हा हट्ट आधी सोड बघू. तुझे स्क्रीनशॉट पाहिले मी. जीमेलमध्ये देखणा, आयफोनवर तर झकास, आणि पुण्याच्या व्यापाऱ्याच्या ऑफिसातल्या आउटलुकमध्ये भाव एका टोकाला नि बटण दुसऱ्या टोकाला. यात तुझं काही चुकलेलं नाही गं. विंडोजवरचं जुनं आउटलुक २००७पासून मेल दाखवायला वर्डचं इंजिन वापरतं. वर्डमध्ये एक फोटो इंचभर सरकवला की आख्खं पान कसं विस्कटतं, पाहिलंयस ना? मग त्याच्याकडून फ्लेक्सबॉक्स नि ग्रिडची काय अपेक्षा ठेवतेस! नवं आउटलुक सुधारलंय, पण ऑफिसांतून जुनं अजून ठाण मांडून आहे. घरात आत्याबाईंना तिखट चालत नसलं की भाजी सगळ्यांचीच बेताची करतो आणि ठेचा वेगळा वाढतो, तसं कर. पाया टेबलांचा घाल, रुंदी ६०० पिक्सेल ठेव, स्टाइल प्रत्येक टॅगमध्येच इनलाइन लिही. गोल कोपरे, सावल्या वगैरे म्हणजे ठेचा. ज्याला पचेल त्याला दिसेल.

पण खरं सांगू का, तुझी मोठी अडचण आउटलुक नाहीच. तू मेलमध्ये आख्खं पोस्टरही एका जेपीजीत बनवून चिकटवलंयस. व्हॉट्सअ‍ॅपची सवय, दुसरं काय! तुमच्या वडवणीत सगळा व्यवहार त्यावरच चालतो, कळतं मला. पण ऑफिसातलं आउटलुक अनोळखी मेलमधले फोटो आपणहून उघडत नाही. तिथे सीताफळांच्या जागी नुसती रिकामी चौकट. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ही ओळ एवढ्या कौतुकाने लिहिलीस आणि फोटोत कोंडून टाकलीस! अगं, सीताफळ म्हणजे काय बटाटा आहे का, पोत्यात भरून ठेवायला? उतरवलं की दोन-चार दिवसांत मऊ पडतं. भाव, मालाची प्रत, गाडी कधी निघणार, हे समोरच्याला मेल उघडल्या उघडल्या साध्या अक्षरांत वाचता आलं पाहिजे. फोटो एखादाच ठेव आणि त्याच्या ऑल्टमध्ये ‘फोटो १’ नको, ‘बालाघाटातली सीताफळं, पहिली प्रत’ असं लिही. मी एकदा ऑल्टमध्ये ‘इथे काहीतरी छान लिही’ एवढंच ठेवून मेल सोडून दिला होता. गिऱ्हाइकाने फोनवर ते छान वाचून दाखवलं.

आता फोनचं. दोन रकाने फोनवर एकाखाली एक यावेत म्हणून तू सगळा भार मीडिया क्वेरीवर टाकलास. जीमेलने त्या २०१६मध्ये स्वीकारल्या, हे खरं. पण कुणी कंपनीचं दुसरीकडचं खातं जीमेलच्या ॲपमध्ये जोडलेलं असेल, तर ते ॲप तुझा स्टाइलचा ब्लॉकच काढून टाकतं. म्हणून रकाने असे कर की जागा संपली की ते आपले आपण खाली उतरतील: इनलाइन-ब्लॉक, रुंदी १०० टक्के, मॅक्स-विड्थ ३०० पिक्सेल. आउटलुकला मॅक्स-विड्थ कळत नाही, तेव्हा त्याच्यापुरतं कंडिशनल कमेंटमध्ये ठरावीक रुंदीचं टेबल घाल. बटणाचा रंग नि पॅडिंगही टेबलच्या सेलला दे. लिंकला दिलेलं पॅडिंग आउटलुक मानत नाही.

मराठीचं मात्र जरा नीट बघ, कारण इंग्रजी व्हिडिओंत हे कुणी सांगत नाही. शीर्षकाला लेटर-स्पेसिंग दिलंस ना, त्याने शिरोरेषा तुटून अक्षरं सुटी सुटी झालीत. काढ ते आधी. लाइन-हाइट दीडपट तरी ठेव, नाहीतर रफार नि वेलांट्यांची डोकी आउटलुक छाटून टाकतं. तुझा तो आवडता वेबफॉन्ट जीमेल घेणारच नाही, त्याचं दुःख करू नकोस. निर्मला यूआय, कोहिनूर देवनागरी, नोटो सान्स देवनागरी अशी यादी दे. विंडोज, आयफोन, अँड्रॉइड यांच्याकडे यातलं काही ना काही घरचंच असतं. डीटीपीवाल्याने दिलेला दरपत्रकाचा मजकूर जुन्या फॉन्टमधला असेल तर युनिकोडमध्ये बदलल्याशिवाय चिकटवू नकोस, व्यापाऱ्याला नुसता इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसेल. आणि वजनाचं लक्षात ठेव. मेलचा एचटीएमएल १०२ केबीच्या वर गेला की जीमेल तो मध्येच कापतं, नि तुझी तळाची ‘यादीतून नाव काढा’ ही लिंक गायब होते. यूटीएफ-८मध्ये इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतल्या अक्षराला तीन, आणि काना-मात्रेचे वेगळे. त्यात तू वर्डमधून थेट कॉपी करतेस, म्हणजे त्याचा सगळा कचरा सोबत येतो. आधी नोटपॅडमध्ये टाक, मग तिथून उचल.

फोन डार्क मोडवर टाकूनही एकदा पाहा. पारदर्शक पीएनजीतला काळा लोगो काळ्यावर दिसत नाही, त्याला मागे पांढरी पट्टी दे. तपासणीच्या महागड्या सेवा आत्ता घेऊ नकोस. तुझा अँड्रॉइड, दादाचा आयफोन आणि ऑफिसात आउटलुक वापरणारी एखादी मैत्रीण, एवढ्यांवर तुझं भागेल.

आणि हो, पाठवणाऱ्याचा पत्ता ‘नो-रिप्लाय’ ठेवलायस तो आजच बदल बाई. सीताफळाचं गिऱ्हाईक बटण दाबत बसणार नाही, उलट मेल करून ‘शेवटचा भाव काय?’ हेच विचारणार.