गिटार रेकॉर्ड करायची, तर आधी बोर्ड बघा

भोरहून महाडकडे निघालेला रस्ता नीरा-देवघर धरणाच्या पाण्याकडेने हिर्डोशीला येतो आणि पुढे वरंध घाटाला लागतो. पावसाळ्यात इथे ढग दारात येतात, विजेच्या येण्याजाण्याचा नेम नसतो आणि पत्र्याच्या घरात माणसांना एकमेकांशी ओरडूनच बोलावं लागतं. अशा घरात कॉम्प्युटरवर गिटार रेकॉर्ड करायची म्हटलं की सल्ला ठरलेला असतो : अमुक सॉफ्टवेअर टाकून घे, काम होईल. प्रस्तुत लेखकाचा अनुभव उलटा आहे. आवाज बिघडतो तो बहुतेक वेळा सॉफ्टवेअरपर्यंत पोचायच्या आधीच. भिंतीवरच्या बोर्डात, गिटारच्या पिनेत, नाहीतर डोक्यावरच्या पत्र्याखाली.

घरात केलेलं रेकॉर्डिंग म्हणजे कच्चं काम, हा समज आधी काढून टाकलेला बरा. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आला आणि त्यानं गायिका गौहर जानचं गाणं मुद्रित केलं, ते हॉटेलच्या खोलीत थाटलेल्या तात्पुरत्या स्टुडिओत. पुणे जिल्ह्यातलं उदाहरण तर आणखी जवळचं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉयट्व्हाँ या अभ्यासकांनी डोंगरपट्ट्यातल्या गावांमधून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त ओव्या त्यांच्या संग्रहात आहेत. नव्वदच्या दशकात संगणकशास्त्रज्ञ बर्नार्ड बेल त्यांच्याबरोबर काम करू लागले आणि ओव्यांचं ध्वनिमुद्रण झालं. गाणाऱ्या बायकांना शहरातल्या स्टुडिओत नेलं नाही, यंत्र गावात आणलं. आज ‘पारी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर या ओव्या कुणालाही ऐकता येतात.

गिटार शिकणाऱ्या मुलाला मोह होतो तो इथेच. कॉम्प्युटरवर ओवी लावायची, तिच्या चालीवर गिटार धरायची आणि दोन्ही मिळून रेकॉर्ड करायचं. बहुतेकजण स्पीकर मोठा करतात, समोर लॅपटॉपचा किंवा फोनचा माइक चालू ठेवतात आणि वाजवायला बसतात. नंतर ऐकावं तर ओवी शेजारच्या घरातून आल्यासारखी, गिटार कानाशी, आणि दोन्हींवर पावसाचा मारा. एकदा एकाच माइकमध्ये मिसळलेले आवाज पुढे धड वेगळे करता येत नाहीत. ओवी थोडी वर घ्यायची म्हटलं तर पाऊसही वर येतो.

तेव्हा दोन आवाजांना दोन वाटा द्याव्या लागतात. कॉम्प्युटरमधला आवाज कॉम्प्युटरच्या आतूनच घ्यायचा, तो हवेत सोडायचाच नाही. विंडोजवर ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर असेल तर त्यात ‘वासापी’ हा पर्याय निवडून ‘लूपबॅक’ असं लिहिलेलं उपकरण घ्यावं. काही कॉम्प्युटरांवर ‘स्टिरिओ मिक्स’ नावाची जुनी सोय असते, पण ती बंद करून ठेवलेली असते, सुरू करावी लागते. मॅकवर ‘ब्लॅकहोल’सारखा मोफत आभासी ड्रायव्हर टाकावा लागतो. लिनक्सवर प्रत्येक स्पीकरच्या जोडीला ‘मॉनिटर’ नावाचा स्रोत आपसूक असतो, तो निवडला की झालं.

ऑडॅसिटी एका वेळी एकाच उपकरणातून आवाज घेते. म्हणून आधी ओवीचा ट्रॅक आतल्या वाटेनं घ्यावा, मग तो हेडफोनवर ऐकत दुसऱ्या ट्रॅकवर गिटार वाजवावी. हेडफोन इथे चैन नाही. स्पीकर चालू राहिला आणि माइकही उघडा असला, तर पहिला आवाज फिरून दुसऱ्या ट्रॅकमध्ये शिरतोच. दोन्ही एकाच वेळी हवं असेल, म्हणजे ऑनलाइन शिकवणी किंवा व्हिडिओ करायचा असेल, तर ‘ओबीएस स्टुडिओ’ घ्यावं. तेही मोफत आहे आणि कॉम्प्युटरचा आवाज व माइक वेगवेगळ्या ट्रॅकवर साठवू शकतं.

आता गिटारची पिन. इलेक्ट्रिक गिटारची जाड पिन ६.३५ मिलिमीटरची, लॅपटॉपचं भोक ३.५ मिलिमीटरचं. बाजारात दोन्ही जोडणारा कन्व्हर्टर मिळतो, तो बसतोही, आणि तिथेच फसगत होते. गिटारच्या पिकअपला साधारण १० लाख ओहम रोधाचं इनपुट लागतं. लॅपटॉपच्या माइकचं इनपुट काही हजार ओहमचं असतं. त्या ओझ्यानं आवाजातली धार दबते आणि गिटार घोंगडीखाली वाजवल्यासारखी ऐकू येते. यावर सॉफ्टवेअरमध्ये कितीही ट्रेबल वाढवा, फक्त खरखर वाढते. ‘इन्स्ट्रुमेंट’ किंवा ‘हाय-झेड’ असं लिहिलेलं इनपुट असणारा यूएसबी ऑडिओ इंटरफेस हाच त्यावरचा उपाय. तो विकत घेण्याआधी आजूबाजूला चौकशी करावी. भजनी मंडळाच्या किंवा ऑर्केस्ट्राच्या सामानात यूएसबी आणि ‘हाय-झेड’ इनपुट असलेला मिक्सर असू शकतो, आणि बऱ्याच मल्टी-इफेक्ट पेडलना यूएसबीचं तोंड असतं. त्यावरही काम भागतं.

साध्या, पिकअप नसलेल्या गिटारला माइकच हवा. तो पोटाच्या गोल भोकासमोर धरला की आवाज घुमतो. बाराव्या पट्टीच्या रोखानं, वीतभर किंवा थोडा जास्त अंतरावर ठेवला की तारांचा आवाज स्वच्छ येतो.

सगळ्यात छळते ती घुंऽऽ. हिचा उगम बोर्डात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, आणि तिची दुप्पट १०० हर्ट्‌झची घरघर रेकॉर्डिंगमध्ये ठळक ऐकू येते. गिटारच्या सर्वांत जाड तारेवर तिसरी पट्टी दाबली की जो सूर निघतो तो ९८ हर्ट्‌झचा. म्हणजे फिल्टर लावून घरघर कापायला जावं तर सूरही कापला जातो. तेव्हा ती मुळातच येऊ देऊ नये. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर वाजवून बघावं. घरघर थांबली तर दोष चार्जरच्या बाजूचा. स्वस्तातल्या चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवरही हीच तक्रार येते, त्यापेक्षा बॅटरी बरी.

तारांना हात लावल्यावर घरघर थोडी कमी होणं यात काही नवल नाही. पण हाताला झिणझिण्या आल्या तर गिटार खाली ठेवायची आणि वायरमनला बोलवायचं. घरघर जावी म्हणून तीन पिनांच्या प्लगमधली अर्थिंगची जाड पिन काढून टाकण्याचा ‘उपाय’ अनेकजण बिनदिक्कत सांगतात. तो कुणीही करू नये. ‘यार्डबर्ड्‌स’ या गाजलेल्या ब्रिटिश बँडचा गायक कीथ रेल्फ १९७६ साली आपल्या घरी गिटार वाजवताना, अर्थिंग नीट नसल्यामुळे शॉक लागून गेला. डोंगरातल्या घरांत अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो आणि कुचकामी होतो. त्यात पाणी ओतत राहावं लागतं आणि जोडणी जाणकाराकडून तपासून घ्यावी लागते. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घेतला तर गळती होताच तो वीज तोडतो.

एवढं झाल्यावर सॉफ्टवेअरकडे वळावं, आणि तिथेही आधी बंद करायच्या गोष्टी जास्त. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये ‘ऑडिओ एन्हान्समेंट’ चालू असतं. ते बोलण्यासाठी केलेलं आहे. लांबत विरत जाणारा गिटारचा सूर त्याला गोंगाट वाटतो आणि ते सुराचं शेपूट कापून टाकतं. ‘लिसन टू धिस डिव्हाइस’ला खूण असेल तर आवाज दोनदा ऐकू येतो. सँपल रेट सगळीकडे एकच हवा. ४८,००० वर घेतलेली फाइल ४४,१०० समजून वाजली तर लय मंदावते आणि ओवी जवळजवळ दीड सेमीटोन खाली उतरते. गिटारवाला मग उगाच आपल्या खुंट्या पिळत बसतो.

तार छेडल्यावर हेडफोनमध्ये उशिरा ऐकू येणं, म्हणजे लेटन्सी, याचा हिशेब सोपा आहे. बफर २५६ सँपलचा आणि सँपल रेट ४८,००० असेल तर एका बाजूचा उशीर सुमारे ५ मिलिसेकंदांचा. दोन्ही बाजू मिळून सुमारे १० मिलिसेकंद झाले. तेवढ्यात आवाज हवेत साधारण साडेतीन मीटर जातो, तेवढा उशीर हाताला खपतो. बफर १०२४ वर गेला की एका बाजूलाच २१ मिलिसेकंद लागतात आणि ताल निसटू लागतो. विंडोजवर, सॉफ्टवेअरला चालत असेल तर, इंटरफेसबरोबर आलेला ‘एसियो’ ड्रायव्हर वापरावा. वाजवताना बफर कमी ठेवावा, कडकड आवाज येऊ लागले तर एक पायरी वाढवावा. वायफाय तेवढा वेळ बंद ठेवला तर पुष्कळदा कडकड थांबते.

आवाजाची पातळी लालपर्यंत नेऊ नये. २४ बिटमध्ये सर्वांत मोठा फटका उणे १२ डेसिबलच्या आसपास राहिला तरी पुरे. नंतर वाढवता येतो, पण फाटलेला आवाज शिवता येत नाही. मोनो ट्रॅकला मिनिटाला साडेआठ एमबीच्या वर जागा लागते, म्हणून जुन्या लॅपटॉपवर आधी डिस्क मोकळी करावी. सुरुवातीला गिटारच्या पोटावर बोटानं चार वेळा टकटक करावी, म्हणजे ट्रॅक पुढेमागे झाले तर जुळवता येतात.

पत्र्यावरच्या पावसाला सॉफ्टवेअर नाही. इलेक्ट्रिक गिटार थेट इंटरफेसमध्ये लावली तर पाऊस रेकॉर्ड होतच नाही. साध्या गिटारसाठी माळा असलेल्या मधल्या खोलीत बसावं, मागे गोधड्या टांगाव्यात आणि उघडीप बघून वाजवावं. वळवाच्या दिवसांत विजा कडाडू लागल्या की सगळ्या पिना बोर्डातून काढाव्यात, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

एक कायद्याची गोष्ट. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार भारतात ध्वनिमुद्रणाला ६० वर्षांचं संरक्षण आहे. कॉम्प्युटरमधला आवाज आपल्या सरावासाठी घेणं वेगळं आणि त्यावर गिटार वाजवून तो जगाला दाखवणं वेगळं. ओवी असो वा सिनेमाचं गाणं, प्रसिद्ध करायच्या आधी परवानगी मागावी आणि गाणारीचं नाव द्यावं.

हे सगळं करायला मे महिना बरा. वायरमन मिळतो, अर्थिंगचा दोष उघडा पडतो आणि पत्रा गप्प असतो. आधी बोर्ड तपासून घ्या, मग पिन, मग सेटिंग. नवा इंटरफेस घ्यायचा की नाही, ते त्यानंतर ठरवा.