दुखण्यातून उठल्यावर : चालणे आणि चंक्रमण

घरात एखादे मोठे दुखणे शिरले की सारे घर दवाखान्याभोवती फिरू लागते. आपल्या अर्धापूर भागातील माणूस आधी नांदेडला जातो. तेथून कोणी विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात, कोणी बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करुग्णालयात, तर कोणी थेट मुंबईच्या टाटा रुग्णालयात पोहोचतो. शस्त्रक्रियेचा खर्च पुष्कळदा महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून भागतो. तरी जाण्यायेण्यात आणि बुडालेल्या मजुरीत घर खचतेच. कधी दागिना जातो, कधी जमिनीचा तुकडा जातो. मग एक दिवस डॉक्टर सांगतात की उपचार संपले, आता घरी जा, आराम करा.

यातला 'आराम' हा शब्द आपण नको तेवढा मनावर घेतो. रोग्याला बाजेवर बसवतो. पाण्याचा तांब्या जागेवर, ताट जागेवर, अंघोळीचे पाणीही जागेवर. "बसा बाबा, उठू नका," असे सून म्हणते, मुलगा म्हणतो, भेटायला आलेले पाहुणेही म्हणतात. त्यात माया असते, यात शंका नाही. पण दोन महिन्यांनी तोच माणूस ओसरीवरून अंगणात उतरताना खांब धरतो आणि घरचे म्हणतात, "दुखण्याने पार खाल्लं बघा त्यांना." दुखण्याने काही खाल्ले हे खरे. बाकीचे बाजेने खाल्ले, हे मात्र कोणाच्या ध्यानात येत नाही.

बाज माणसाला किती खाते, याचा एक प्रसिद्ध प्रयोग विद्यार्थी मित्रांनी लक्षात ठेवावा. १९६६ मध्ये अमेरिकेतील डॅलस येथे विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे पलंगावर पडून राहायला लावले. त्यांना कोणताही रोग नव्हता. तीन आठवड्यांनी मोजले तेव्हा श्रम करताना प्राणवायू वापरण्याची त्यांच्या शरीराची कमाल क्षमता सुमारे चौथ्या हिश्शाहून अधिक घटली होती. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासले. तीस वर्षांच्या वयाने त्यांचे जेवढे नुकसान केले नव्हते, तेवढे त्या तीन आठवड्यांच्या पडून राहण्याने केले होते, असे दिसून आले. कारण साधे आहे. पडून राहिलेल्या शरीरात रक्ताचे एकूण प्रमाण घटते, हृदय एका ठोक्याला कमी रक्त फेकते, मांड्या आणि पोटऱ्यांचे स्नायू झिजतात. म्हणूनच उठून उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येते. विशीतल्या निरोगी पोरांची ही गत झाली, तर केमोथेरपी घेतलेल्या, बायपास झालेल्या किंवा सहा महिने क्षयाच्या गोळ्या खाल्लेल्या पन्नाशीच्या माणसाची काय होत असेल?

मात्र याच प्रयोगाचा दुसरा भाग आशेचा आहे. पडून राहण्यानंतर त्या तरुणांना सुमारे दोन महिने पद्धतशीर व्यायाम दिला. गेलेला कस परत आला, आणि जे मुळात फारसे हालचाल करणारे नव्हते त्यांचा तर पूर्वीपेक्षाही वाढला.

आता हे सारे वाचून आपल्याला पाश्चात्त्यांचे नवे ज्ञान वाटेल. पण आजारी शरीरासाठी चालण्याची व्यवस्था कशी करावी, याचा अत्यंत बारकाईचा विचार आपल्या विनयपिटकात आहे. चुल्लवग्गातील ही हकीकत धम्माच्या अभ्यासवर्गात फारशी सांगितली जात नाही, म्हणून येथे सविस्तर देतो.

भगवान बुद्ध वैशालीला असताना तेथील उपासकांनी भिक्खूंना पाळीपाळीने उत्तम, पौष्टिक भोजनदान देण्याचा क्रम चालविला होता. ते जड अन्न खाऊन भिक्खूंच्या शरीरात दोष साठले आणि पुष्कळ जण आजारी पडले. त्या सुमारास जीवक कोमारभच्च काही कामासाठी वैशालीला आला. तक्षशिलेत सात वर्षे वैद्यकी शिकलेला, बिंबिसार राजाचा आणि भिक्खुसंघाचा हा वैद्य. त्याने भिक्खूंची प्रकृती पाहिली आणि तथागतांकडे जाऊन विनंती केली की भिक्खूंना दोन गोष्टींची अनुमती द्यावी : चंक्रमणाची आणि उष्ण स्नानगृहाची. तथागतांनी वैद्याचा सल्ला मानला. चंक्रमण म्हणजे ठरावीक वाटेवर, सावधचित्ताने, पुन्हा पुन्हा जाणे-येणे. आपण चंक्रमणाला केवळ ध्यानाचा प्रकार समजतो. पण विनयातील ही अनुमती एका वैद्याच्या तोंडून, आजारी माणसांसाठी आली आहे.

पुढचा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. अनुमती देऊन विषय संपला नाही. भिक्खू खडबडीत जमिनीवर चालू लागले, त्यांचे पाय दुखू लागले. तेव्हा जमीन सपाट करण्याची अनुमती मिळाली. वाट सखल होती, पाणी चढू लागले. तेव्हा वाटेला उंच जोते करायला सांगितले. जोते ढासळू लागले, तेव्हा ते विटा, दगड किंवा लाकडाने बांधून काढण्याची परवानगी मिळाली. जोते उंच झाल्यामुळे चढताना त्रास होऊ लागला, म्हणून पायऱ्या आल्या. पायऱ्यांवरून माणसे पडू लागली, म्हणून हाताने धरायला कठडा आला. चालता चालता वाटेवरून खाली पडण्याचा प्रसंग आला, म्हणून वाटेच्या कडेला वेदिका आली. उघड्यावर थंडी आणि ऊन बाधू लागले, म्हणून छप्पर असलेली चंक्रमणशाळा आली. आजारी माणसाला "चालत जा" असे सांगून मोकळे होता येत नाही. त्याच्या पायाखाली काय आहे, हाताला काय आहे आणि डोक्यावर काय आहे, हे कोणीतरी पाहावे लागते.

अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत. लांबचा प्रवास सोसण्याची ताकद येते, प्रयत्न करण्याची क्षमता येते, आजार कमी होतात, खाल्लेले-प्यालेले नीट पचते आणि चालताना साधलेली चित्ताची एकाग्रता दीर्घकाळ टिकते. पाचांपैकी पहिले चार सरळसरळ देहाचे आहेत, हे अभ्यासकांनी जरूर पाहावे.

आता आपल्या भागातील एक आक्षेप. शेतमजुरी करणारा माणूस म्हणतो, "आम्ही जन्मभर चालतोच की, आम्हाला कसलं फिरायला जायला सांगता?" आक्षेप रास्त आहे. केळीचे घड डोक्यावर वाहून ट्रकपर्यंत नेणाऱ्याला किंवा हळदीच्या रानात दिवसभर वाकून खुरपणाऱ्या बाईला चालण्याचे महत्त्व सांगणे हे थट्टेसारखे वाटते. परंतु कामाचे चालणे आणि दुखण्यानंतरचे चालणे यांत मोठा फरक आहे. कामाचे चालणे मुकादम ठरवतो, ओझे ठरवते. दुखण्यानंतरचे चालणे आपल्या दमाच्या मापाने घ्यायचे असते आणि मापानेच वाढवायचे असते. आपल्याकडे होते असे की माणूस दोन महिने बाजेवर असतो आणि घरातली चणचण बघून एके दिवशी थेट कामावर जातो. बायपासमध्ये छातीचे हाड कापलेले असते, ते सांधायला साधारण दोन-तीन महिने लागतात. त्या काळात घड उचलणे म्हणजे जिवाशी खेळ आहे.

विनयातच सोण कोळिविसाची कथा आहे. चंपानगरीच्या श्रीमंत घरातला हा अत्यंत नाजूक पायांचा तरुण भिक्खू झाला आणि राजगृहाच्या सीतवनात इतक्या हट्टाने चंक्रमण करू लागला की पाय फुटून वाट रक्ताने भरली. तरीही साध्य काही होईना, तेव्हा त्याला घरी परतावेसे वाटू लागले. तथागत त्याच्याकडे गेले. सोण पूर्वी वीणा वाजवीत असे. तार फार ताणली तर वीणा वाजते का, फार सैल सोडली तर वाजते का, असे त्यांनी विचारले आणि प्रयत्नही तसाच मध्यम असावा, असे समजावले. पुढे त्याला पादत्राणे घालण्याची अनुमती दिली. सोण म्हणाला, सर्व संघाला मिळणार असेल तर मीही घालीन. तेव्हा ती सर्वांनाच मिळाली. आपल्या रोग्याची तार दोन महिने सैल असते आणि एका दिवसात ताणली जाते.

महाराष्ट्रातले अलीकडचे उदाहरण डॉ. अभय बंग यांचे आहे. गडचिरोलीत गोरगरिबांच्या आरोग्यासाठी झिजणाऱ्या या डॉक्टरांना वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला. 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' या त्यांच्या पुस्तकात त्यांनी स्वतःच्या राहणीची कठोर तपासणी केली आहे. औषधोपचाराबरोबर आहार, व्यायाम, योग आणि ध्यान यांनी त्यांनी आयुष्याची घडी पुन्हा बसवली. जगाला आरोग्य शिकवणारा माणूसही स्वतःच्या देहाकडे दुर्लक्ष करू शकतो, हे त्यांनी मोकळेपणाने मांडले. आपल्या कार्यकर्त्यांनी ते पुस्तक वाचावे. सभा, मोर्चे आणि जागरणे यांत आपलीही तीच गत आहे.

कर्करोगाच्या बाबतीत अगदी अलीकडचा पुरावा आहे. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी झालेल्या ८८९ रुग्णांचा अभ्यास २०२५ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. निम्म्यांना आरोग्याची माहितीपत्रके दिली. उरलेल्यांना तीन वर्षे मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली व्यायाम दिला, आणि भरभर चालून तो पुरा करता येत असे. आठ वर्षांनंतर व्यायाम करणाऱ्या गटातील सुमारे ९० टक्के रुग्ण हयात होते, दुसऱ्या गटातील सुमारे ८३ टक्के. हा निष्कर्ष त्या एका कर्करोगापुरता आहे. त्यावरून कोणी गोळ्या सोडून चालायला लागू नये. मात्र उपचारानंतरचा जो विलक्षण थकवा असतो, जो झोपून जात नाही, तो आठवड्यातून तीन वेळा अर्धा-अर्धा तास चालण्यासारख्या व्यायामाने सुमारे तीन महिन्यांत कमी होतो, हे अनेक प्रकारच्या कर्करुग्णांत दिसले आहे. थकवा आला म्हणून पडायचे, आणि पडल्यामुळे आणखी थकवा, हे चक्र असेच तुटते.

सुरुवात कशी करावी? आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे, कारण रक्त फार कमी असेल, हाडात रोग उतरला असेल किंवा हृदय अशक्त असेल तर नियम वेगळे असतात. परवानगी मिळाली की पहिले दिवस घरातच, पाच-पाच मिनिटे, दिवसातून दोन-तीन वेळा. जमले की दोन-तीन दिवसांनी एखादे मिनिट वाढवावे. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, एवढा वेग पुरे. बोलताही येत नसेल तर वेग जास्त झाला. छातीत दुखले, चक्कर आली, बसल्यावरही धाप थांबेना, एकाच पायाला सूज आली किंवा ताप असला तर चालणे थांबवून डॉक्टरांकडे जावे. केमोथेरपीने काहींचे तळवे बधिर होतात. त्यांनी अनवाणी चालूच नये, काटा रुतला तरी कळत नाही. सोणाची पादत्राणे आठवावीत.

आपल्याकडच्या वाटांचाही विचार करायला हवा. नागपूरकडे जाणारा महामार्ग भरधाव वाहनांचा आहे, तो टाळावा. टाळता येत नसेल तर समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने चालावे. कालव्याच्या काठाची हवा चांगली, पण जमीन उंचसखल आणि अंधारात सापविंचवाचे भय. मे महिन्यात आठच्या आत घरी परतावे. शाळेचे मैदान किंवा विहाराचे आवार सर्वांत बरे. आवाराचा फेरा एकदा टेपने मोजून ठेवावा. पन्नास मीटरचा फेरा असेल तर वीस फेऱ्यांत एक किलोमीटर होतो.

येथे विद्यार्थ्यांना एक काम सांगतो. रुग्णालयात तीस मीटरच्या सरळ वाटेवर रोग्याला सहा मिनिटे चालवतात आणि किती मीटर झाले ते मोजतात. डॉक्टरांची संमती असेल तर खडूने खुणा करून आपल्यालाही हे करता येईल. घड्याळ एकाने धरावे, दुसऱ्याने सोबत चालावे, आणि वहीत तारीख व मीटर लिहावेत. पंधरा दिवसांनी आकडा वाढलेला रोग्याला दाखवावा. माझ्या पाहण्यात, "तुम्ही बरे दिसता" या वाक्याला मान न हलवणारी माणसे त्या आकड्याकडे मात्र निरखून बघतात. दाभडच्या बावरीनगर महाविहारात पौष पौर्णिमेला धम्म परिषद भरते. त्या गर्दीत स्वतःच्या पायांनी जायचे, असे ठरवून कोणी पावसाळ्यातच वही सुरू करायला हरकत नाही.

सर्वांत अवघड प्रश्न बायकांचा आहे. पुरुष आजारातून उठून सकाळी फिरायला निघाला तर लोक कौतुक करतात. बाई निघाली तर, "घरात काम नाही का?" असे विचारतात. गर्भाशयाच्या किंवा स्तनाच्या कर्करोगाचे उपचार घेऊन आलेल्या बाईला दोनच गोष्टी मिळतात : बाज किंवा चूल. अर्ध्या तासाची मोकळी वाट मिळत नाही. आपल्या महिला मंडळाने आठवड्यातून तीन सकाळी चौघीचौघींनी मिळून तिला घरून न्यावे आणि घरी आणून सोडावे. एकटीला बोलणारे चौघींना बोलत नाहीत.

आणि समितीच्या पदाधिकाऱ्यांसाठी एक. खेड्यापाड्यांतल्या कितीतरी विहारांच्या पायऱ्यांना धरायला काहीच नाही. म्हातारी आणि दुखण्यातून उठलेली माणसे वंदनेला येतात आणि पायऱ्यांशी थांबून खालूनच हात जोडतात. यंदाच्या वर्गणीतून लोखंडी नळीचा कठडा बसवावा, दोन्ही बाजूंनी, हाताच्या उंचीला.