मोठ्या फाइलीचे तुकडे

आपल्या ग्रामसभेचं चित्रीकरण संगणकात आहे. पाण्याच्या टाकीचा ठराव त्यात आहे. कोण काय बोललं, तेही आहे. ते तालुक्याला न्यायचं आहे. फाइल ६ जीबीची. पेनड्राइव्ह १६ जीबीचा, अगदी रिकामा. तरी फाइल त्यात जात नाही! असं का बरं?

पुष्कळ पेनड्राइव्ह फॅट३२ नावाच्या पद्धतीने आखलेले असतात. त्यात ४ जीबीहून मोठी एक फाइल चालत नाही. घर मोठं, पण दार लहान. मग फाइलीचे तुकडे करावे.

लिनक्स संगणकावर टर्मिनल उघडा. तिथे हुकूम लिहायचा असतो. तो इंग्रजी अक्षरांत लिहावा. आधी फाइलीची खूण घेऊ :

एसएचए२५६सम सभा.एमपी४

संगणक ६४ अक्षरांची खूण देतो. ती वहीत नीट उतरून घ्या. आता तुकडे करू :

स्प्लिट -बी २जी सभा.एमपी४

दोन-दोन जीबीचे तुकडे पडतात. शेवटचा लहान असू शकतो. त्यांची नावं एक्सएए, एक्सएबी, एक्सएसी. मूळ फाइल जागीच राहते. तिन्ही तुकडे पेनड्राइव्हवर घ्या.

तालुक्याच्या लिनक्स संगणकावर तुकडे उतरवा. मग सांधा :

कॅट एक्सएए एक्सएबी एक्सएसी > सभा.एमपी४

त्या नावाची जुनी फाइल तिथे असेल तर ती पुसली जाते. म्हणून आधी बघून घ्या.

तुकड्यांचा क्रम चुकवू नका. धान्याची कुठलीही पिशवी आधी ओतली तरी चालते. पोथीच्या सुट्या पानांचं तसं नाही. पान मागेपुढे झालं की कथा बिघडते. फाइलीचंही तसंच.

आता पुन्हा खूण घ्या. वहीतल्या खुणेशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. जुळली, तर फाइल जशीच्या तशी आली. एकही अक्षर वेगळं दिसलं, तर कुठेतरी चूक आहे. तुकडे पुन्हा आणावे.

आम्ही एकदा घाई केली. खूण न ताडता मूळ फाइल पुसून टाकली. घरी येऊन बघतो तर मधला तुकडा आलाच नव्हता! ते चित्रीकरण कायमचं गेलं. म्हणून सांगतो, मंडळी : आधी ताडा, मग पुसा.

उत्तरे लिहा :
१. रिकाम्या पेनड्राइव्हवर फाइल का गेली नाही?
२. तुकड्यांचा क्रम का सांभाळावा?
३. मूळ फाइल केव्हा पुसावी?