विद्यार्थ्यांचे पशुपालन आणि पशुप्रदर्शन

मार्गशीर्षातील पौर्णिमा जवळ आली, म्हणजे आपल्या जिल्ह्यातील वाटा सारंगखेड्याकडे वळू लागतात. तापीच्या तीरावर एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्यासोबत घोड्यांचा तो प्रसिद्ध बाजार. विसरवाडीच्या परिसरातूनही कित्येक मंडळी तेथे जातात, आणि त्यांची मुले परत आल्यावर चार दिवस वर्गात घोड्यांवाचून दुसरे बोलणे निघत नाही. अशाच एका प्रसंगी एका विद्यार्थ्याने आम्हांस विचारले, "सर, इतक्या घोड्यांत चांगला कोणता, हे ठरवायचे कसे?"

प्रश्न साधा होता, परंतु उत्तर देताना आम्ही थोडे थबकलो. बाजारातील जाणता मनुष्य घोड्याचे तोंड उघडून दात पाहतो, कपाळावरचे व मानेवरचे भोवरे मोजतो, मारवाडी घोडा असल्यास त्याच्या कानांची टोके एकमेकांस कशी भिडतात ते निरखतो. त्यांपैकी दात पाहण्यास कारण आहे, कारण त्यावरून वय कळते. भोवऱ्याने शुभाशुभ कळते की नाही, हा ज्याच्या त्याच्या समजुतीचा भाग. घोड्याच्या चालीत त्याने काही फरक पडत नाही, एवढे मात्र आम्ही निश्चयाने सांगू शकतो. आणि भाव? आपल्याकडील गुरांच्या बाजारात उपरण्याखाली हात घालून, बोटे दाबून भाव ठरविण्याची रीत फार जुनी आहे. देणारा व घेणारा यांखेरीज तिसऱ्यास आकडा कळत नाही. आकडा जिथे झाकलेला, तिथे त्यामागचे कारण कोण विचारतो?

प्रदर्शन हे बाजाराहून वेगळे असते, ते नेमके या ठिकाणी. तेथे परीक्षकाने उघड्या मैदानात उभे राहून, हे जनावर पहिले का व ते दुसरे का, याचे कारण सर्वांसमक्ष सांगावे अशी अपेक्षा असते. महाराष्ट्रात अशी प्रदर्शने बहुधा यात्रांच्या आश्रयाने वाढली. नांदेडकडील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत लाल कंधारी व देवणी गुरे येतात. आटपाडी तालुक्यातील खरसुंडीच्या यात्रेत खिलार जनावरांची रीघ लागते. खिलार बैलाची लांब मागे वळलेली शिंगे पाहून डोळे दिपतात, परंतु जाणता परीक्षक शिंगांच्या आधी खूर पाहतो; कारण कठीण माळावर दिवसभर चालायचे आहे ते खुरांस, शिंगांस नव्हे. आपल्या शेजारच्या डांगी गुरांचेच उदाहरण घ्या. त्यांच्या कातडीतून एक प्रकारचा तेलकट स्राव होतो व त्यामुळे डोंगरातील मुसळधार पाऊस अंगावर घेऊनही ती टिकतात. दिसण्यात ती खिलाराच्या पासंगासही उतरणार नाहीत, पण पुण्यासाताऱ्याकडचा देखणा खिलार डांगेतील भातखाचरात आणून बांधला तर पहिल्या पावसाळ्यातच फरक कळेल. चांगले जनावर म्हणजे कोणत्या कामास व कोणत्या मुलखास चांगले, हा प्रश्न आधी विचारावा लागतो.

आता विद्यार्थ्यांकडे वळू. शाळकरी मुलाने एक जनावर स्वतः पाळावे, त्याचा हिशेब ठेवावा व ते प्रदर्शनात आणावे, ही कल्पना अमेरिकेत एका शिक्षकाच्याच डोक्यातून निघाली. इ. स. १९०२ मध्ये ओहायो संस्थानातील स्प्रिंगफील्ड येथे ए. बी. ग्रॅहॅम या शाळांच्या अधीक्षकाने शेतकऱ्यांची मुले एकत्र करून त्यांचे मंडळ काढले. मुलांनी घरच्या शेतातील माती तपासावी, निवडलेले मक्याचे बियाणे पेरावे व काय झाले ते लिहून आणावे, असा त्याचा क्रम होता. पुढे मक्यामागून डुकरे, वासरे, कोंबड्या आल्या. १९१४ साली तेथील सरकारने शेतकी शिक्षणाच्या प्रसाराचा कायदा केला आणि ही मंडळे देशभर पसरली. मस्तक, हृदय, हात व आरोग्य या चार शब्दांचे इंग्रजी आद्याक्षर एकच असल्यामुळे त्यांस 'फोर-एच' हे नाव पडले. तेथे काउंटी म्हणून आपल्या जिल्ह्यासारखा जो विभाग असतो, त्याच्या वार्षिक जत्रेत ही मुले आपापली जनावरे घेऊन रिंगणात उतरतात. इंग्लंडातही १९२१ साली डेव्हन परगण्यातील हेमिऑक या गावी शेतकऱ्यांच्या मुलांस वासरे सांभाळावयास देऊन असेच मंडळ निघाले.

त्या जत्रांतील दोन रीती आम्हांस विशेष अनुकरणीय वाटतात. एक अशी की, जनावराची परीक्षा निराळी व ते धरून आणणाऱ्या मुलाची परीक्षा निराळी. साधारण करडू आणणारा मुलगाही ते कसे हाताळतो, प्रश्नास काय उत्तर देतो, यावर बक्षीस मिळवू शकतो. दुसरी अशी की, पुष्कळ ठिकाणी पहिला-दुसरा असा क्रम न लावता प्रत्येक जनावर ठरलेल्या कसोटीशी ताडून निळी, तांबडी वा पांढरी फीत देतात. दहाही करडे उत्तम असतील, तर दहाही निळ्या फिती. श्रीमंताघरचा खुराक खाऊन मोठ्या झालेल्या एका बोकडामुळे बाकीच्या नऊ मुलांनी खाली मान घालून घरी जाण्याचे कारण उरत नाही.

आपल्या देशात मिशन संस्थांनीही या कामास हात लावला होता. सॅम हिगिनबॉटम यांनी १९१० साली अलाहाबादेस शेतकीचे विद्यालय काढले. संयुक्त प्रांतातील एटा येथे स्लेटर नावाच्या मिशनऱ्यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गरीब कुटुंबांत सुधारलेल्या जातीच्या कोंबड्यांचा प्रसार केला व त्यांची प्रदर्शने भरविली. गाय घेण्याची ऐपत नसलेल्या घरातही कोंबडीचे डालगे असते, हे त्यांनी ओळखले होते.

आमच्या भागात गाय नव्हे, शेळी हीच घराची पेटी. फी भरावयाची झाली, दवाखान्याचा खर्च आला, की बोकड बाजारात जातो. ज्यांस शेळी विकत घेता येत नाही, ते दुसऱ्याची शेळी निम्म्या वाट्याने पाळतात. म्हणून आम्ही शाळेत या उद्योगास आरंभ केला, तो करडांपासून. आणि आरंभीच चुकलो, तेही सांगितले पाहिजे.

त्या पहिल्या वर्षी मैदानात चौदा करडे आली. परीक्षक आम्हीच. एका मुलाने आणलेला बोकड असा काही तुळतुळीत होता, शिंगांस तेल, गळ्यात झेंडूची माळ, की आम्ही फारसा विचार न करता पहिले बक्षीस त्यास देऊन टाकले. दुसऱ्या दिवशी कळले की तो बोकड प्रदर्शनापूर्वी तीनच दिवस आधी बाजारातून आणलेला होता. याहून लाजिरवाणी गोष्ट पुढेच आहे. सातवीतील एक मुलगी त्या दिवशी करडाशिवायच आली होती. तिच्या हातात फक्त वही. आम्ही तिच्या नावापुढे 'गैरहजर' असे लिहिले. ती काही बोलली नाही. आम्हीही विचारले नाही. पुढे एकदा ती वही आमच्या हाती आली. त्यात प्रदर्शनाच्या आदल्या दिवशीची नोंद अशा अर्थाची होती की करडाचे नाक वाहते आहे, ते खोकते आहे, इतरांच्या करडांत नेऊ नये असे वाटते. चौदा करडांच्या त्या मेळ्यात खरी पशुपालक तीच एकटी होती, आणि आम्ही तिला हजेरीसुद्धा दिली नव्हती.

ही भावनेची गोष्ट नव्हे. नाक वाहणे, ताप, तोंडात फोड व हगवण ही शेळ्यांच्या पीपीआर नावाच्या रोगाची लक्षणे आहेत आणि तो जनावरे एकत्र आली की झपाट्याने पसरतो. त्यास लस आहे. करडू चार महिन्यांचे झाले की पशुवैद्यकीय दवाखान्यात ती टोचून घ्यावी. जनावरे एकत्र आणण्यात काय धोका असतो, हे आपल्या तालुक्याइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असणार? भारतात बर्ड फ्लूचा पहिला प्रादुर्भाव जाहीर झाला तो फेब्रुवारी २००६ मध्ये, आपल्या नवापुरात. लक्षावधी कोंबड्या माराव्या लागल्या, मोठ्या पोल्ट्रीतीलच नव्हे तर घरोघरच्या परसातील देखील. २०२१ च्या आरंभी तेच संकट नवापुरावर पुन्हा आले. २०२२ च्या सप्टेंबरात गुरांच्या लंपी त्वचारोगामुळे राज्यभर गुरांचे बाजार, शर्यती व प्रदर्शने बंद ठेवावी लागली. आजारी जनावर बक्षिसाच्या लोभाने मैदानात आणणारा मुलगा फक्त स्वतःचे नुकसान करीत नाही. पाड्यातील चार घरांची पेटी तो पणास लावतो.

म्हणून दुसऱ्या वर्षापासून आम्ही नियम बदलले. जनावर निदान चार महिने मुलाच्या हाताखाली असले पाहिजे. निम्मे गुण वहीस. आजारामुळे करडू घरी ठेवले व वहीत तसे लिहिले, तर वहीचे गुण पूर्ण मिळतात.

वहीत काय लिहावे, हे पुष्कळ पालक विचारतात. जन्माची तारीख, शेळी साधारण पाच महिन्यांनी विते, तेव्हा फळल्याचा दिवस माहीत असल्यास तोही. जन्मल्यावर पहिल्या तासाभरात करडास चीक मिळाला की नाही. चारा कोणता, पेंड किती, तिची किंमत काय. घरचा पाला फुकट आहे म्हणून तो लिहूच नये, असे नव्हे. तो आणावयास लागलेला वेळ लिहावा. आठवड्यातून एकदा करडाची खालची पापणी हलकेच ओढून आतला रंग पाहावा. लालसर असेल तर ठीक. पांढुरकी दिसली तर पोटातील जंत रक्त पीत आहेत असे समजावे व डॉक्टरांस विचारून औषध द्यावे. दात पाहण्यासही मुलांनी शिकावे. शेळीला वरच्या जबड्यात पुढे दात नसतातच. खाली दुधाचे आठ असतात; सव्वा वर्षाच्या सुमारास मधले दोन पडून मोठे येतात व पुढे वर्षाकाठी साधारण एक जोडी बदलते. व्यापारी "दोन दाती" म्हणतो तेव्हा तो काय म्हणतो, हे मालकाच्या मुलास कळले पाहिजे.

सर्वांत उपयोगाचे म्हणजे वजन. काटा प्रत्येकाच्या घरी नसतो, पण शिंप्याची फीत मिळते. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर सेंटीमीटरमध्ये घ्यावा. खांद्याच्या पुढल्या हाडापासून शेपटीच्या बुडाजवळच्या हाडापर्यंत लांबी घ्यावी. घेरास घेरानेच गुणावे, येईल त्यास लांबीने गुणावे, आणि १०,८३८ ने भागावे. उत्तर किलोत येते. समजा घेर ६६ व लांबी ६१ आहे. ६६ गुणिले ६६ म्हणजे ४,३५६. त्यास ६१ ने गुणिले असता २,६५,७१६. भागाकार सुमारे साडेचोवीस. हा अंदाजच आहे, एकदोन किलोंचा फरक पडू शकतो. तरीही बाजारात कमरेखाली हात घालून, करडू वितभर उचलून "अठरा किलो" म्हणणाऱ्यास उत्तर देण्याइतका तो खात्रीचा आहे. आमच्या नववीच्या वर्गास बीजगणित नकोसे वाटते, पण हा भागाकार कोणी चुकवीत नाही.

एक गोष्ट पालकांसाठी. प्रदर्शन संपले की बोकड विकावा लागतो. त्यास इलाज नाही व आम्ही तसा आग्रहही धरीत नाही. अमेरिकेतील जत्रेतही मुले आपले वाढविलेले जनावर शेवटी लिलावात देतात आणि पुष्कळशी त्या रात्री रडतात. परंतु मूल शाळेत असताना करडू परस्पर विकून टाकू नये. त्यास आधी सांगावे, शक्य तर बाजारात सोबत न्यावे, आणि आलेला आकडा वहीत त्याच्या हाताने लिहू द्यावा. खर्च वजा जाता काय उरले, हे त्यास मांडू द्यावे. उरले नाही तर का उरले नाही, हेही. गेल्या वर्षी एका वहीत शेवटी तोटा निघाला होता व खाली कारण लिहिले होते, की करडू दोन महिने उशिरा विकले व त्या दोन महिन्यांत पेंड खूप लागली. त्या वहीस आम्ही निळी फीत दिली.

या वर्षीच्या प्रदर्शनात करडांसोबत घरच्या कोंबड्या मात्र आणू नयेत. त्यांच्या केवळ वह्या आणाव्यात. वजन काढण्यासाठी दोन फिती आठवीच्या वर्गातील कपाटात ठेविल्या आहेत. ज्यांस हव्या असतील, त्यांनी शनिवारी मागून न्याव्यात व सोमवारी परत कराव्यात.