आपल्या गल्लीतील मांजरे : ओळख आणि गरजा



'मांजर' या विषयावर निबंध लिहायला सांगितला की बहुतेक वह्यांत एकच मजकूर येतो : 'मांजर हा पाळीव प्राणी आहे. मांजराला दूध आवडते.' जणू सगळी मांजरे एका साच्यातलीच! म्हणून या वेळी वही मिटून आपण गल्लीत जाऊ.

बेळगावातील आमच्या गल्लीत चार मांजरे आहेत. पिवळा बोका धीट. मासेवाल्या मावशींची पाटी उतरली की तो पायात घुटमळतो. तिरंगी मनी कौलांवर राहते. हाक मारली की कान वळवते, पण खाली येत नाही. काळी भित्री, वाटी ठेवून दहा पावले मागे सरल्याशिवाय ती खात नाही. चौथी म्हातारी. तिचे दात पडले आहेत, तिला मासा कुस्करून द्यावा लागतो. एकाच गल्लीतल्या चौघांच्या चार तऱ्हा!

स्वभाव वेगळे का? काही गुण आईबापांकडून येतात. शिवाय साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात पिलाला माणसाचा प्रेमळ हात लागला तर ते माणसाळते. ते दिवस निघून गेले की भीती सहसा जात नाही. म्हणजे काळी लबाड नाही आणि अपशकुनी तर मुळीच नाही. तिला माणसाची ओळखच उशिरा झाली.

मांजराची भाषा : शेपटी ताठ उभी करून मांजर आले तर ती ओळख समजावी. कान मागे पाडले, शेपटी आपटू लागले, तर हात मागे घ्यावा. आपण सावकाश डोळे मिटून उघडले तर अनेक मांजरे तसेच उत्तर देतात. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी 2020 साली हे प्रयोगाने दाखवले. मोठी मांजरे एकमेकांशी फारसे 'म्यांव' करत नाहीत. ते बोलणे मुख्यतः आपल्यासाठी असते.

खाणे-पिणे : मांजर मूळचे मांसाहारी. टॉरिन नावाचा आवश्यक घटक त्याला मांस-मासळीतून मिळतो, म्हणून नुसत्या दूधभातावर ते नीट जगत नाही. अनेक मोठ्या मांजरांना दूध पचतही नाही, जुलाब होतात. ज्यांच्या घरी मांसाहार होत नाही त्यांनी स्वच्छ पाण्याची वाटी आणि पावसात आडोशाला एक खोके ठेवले, तरी मोठी मदत होते.

आता माझी एक चूक सांगतो. गेल्या पावसाळ्यात जिन्याखाली तीन पिले दिसली. आई दिसेना, म्हणून मी ती घरी आणली. रात्रभर मनी जिन्याजवळ ओरडत होती. पहाटे मी पिले परत ठेवली. तिने दोन उचलून नेली. तिसरे तोवर थंड पडले होते. ती फक्त भक्ष्य शोधायला गेली होती. पिले उबदार आणि शांत असतील तर लांबूनच काही तास वाट पाहावी. जखमी असतील, पाण्यात भिजत असतील तरच उचलावीत. माझी घाई त्या पिलाला भोवली. तुम्ही तशी करू नका.

पालकांसाठी : मांजरांचा त्रास होतो म्हणून त्यांना पोत्यात घालून लांब सोडण्याची पद्धत आहे. उपाशी-तहानलेले हाल होतील अशा जागी प्राण्याला सोडून देणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. शिवाय खरकटे उघडे असेल तर रिकाम्या जागी दुसरी मांजरे येतातच. कचरा झाकणे आणि पशुवैद्याकडून नसबंदी व लसीकरण करून घेणे हाच टिकाऊ उपाय. मांजर चावले किंवा ओरखडले तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. मुलांनीही ही गोष्ट घरी लपवू नये.

उपक्रम : आठवडाभर एकाच मांजराचे लांबून निरीक्षण करा आणि वहीत नोंदवा.
1. ते कोठे झोपते? कोणत्या वेळी दिसते?
2. कोणाजवळ जाते? कोणाला घाबरते?
3. त्याला कशाची गरज आहे? त्यातले तुम्ही काय करू शकता?

मग पुन्हा निबंध लिहा. या वेळी तो 'मांजर' या विषयावर नको, 'आमच्या गल्लीतले एक मांजर' या विषयावर लिहा.