साहसाच्या गोष्टी सांगणारे भागवत

पाटीवरची अक्षरं आता आपल्या ओळखीची झाली. सातबारावरचं नाव वाचता येतं. एस.टी.वरचं गावाचं नाव वाचता येतं. मग पुढं काय वाचायचं? कुणी म्हणेल पोथी, कुणी म्हणेल वर्तमानपत्र. दोन्ही चांगली. पण आम्ही आज तिसरंच सुचवणार आहोत. लहान मुलांची साहसाची पुस्तकं वाचा.

हसू नका मंडळी. साहस म्हणजे जिवाची पर्वा न करता केलेलं धाडसाचं काम. वारा फिरला असताना अडकलेल्या सोबत्यासाठी होडी परत लोटणारा खलाशी साहस करतो. अशा गोष्टीत 'पुढं काय झालं?' ही ओढ असते. नव्या वाचकाला हीच ओढ हवी. पोथीत शब्द अडला की आपण थांबतो. गोष्टीत शब्द अडला तरी आपण थांबत नाही. कारण गोष्टीतला पोरगा विहिरीत लोंबकळत असतो आणि दोर तुटायला आलेला असतो!

मराठीत अशा गोष्टी ज्यांनी भरभरून लिहिल्या, त्यांचं नाव भास्कर रामचंद्र भागवत. पुस्तकावर भा. रा. भागवत असं छापलेलं असतं. त्यांचा जन्म ३१ मे १९१० रोजी इंदूरला झाला. २००१ साली ते वारले. मुलांसाठी त्यांनी १९५१ साली 'बालमित्र' नावाचं मासिक काढलं. त्यांच्या पत्नी लीलावतीबाई, त्याही मुलांसाठी लिहीत. मुलांसाठी लिहिणं म्हणजे हलकं काम, असं पुष्कळ शहाणे लोक समजतात. भागवतांनी हेच काम आवडीनं, वर्षानुवर्षं केलं.

त्यांच्या गोष्टींतला एक मुलगा फार गाजला. त्याचं नाव बनेश फेणे. पुण्याजवळच्या फुरसुंगी गावचा. अंगानं काडीसारखा, पण पायांना चाकं लावल्यासारखा पळणारा. म्हणून त्याला सगळे 'फास्टर फेणे' म्हणतात. फास्टर म्हणजे अधिक वेगवान. हा पोरगा सायकलवर टांग टाकतो आणि जिथं भानगड असेल तिथं जाऊन पोहोचतो. काही सुचलं की तोंडानं 'ट्टॉक' असा आवाज काढतो. तो प्रतापगडावर जातो, काश्मीरला जातो, चक्रीवादळातही सापडतो. 'चक्रीवादळात फास्टर फेणे' असं एका पुस्तकाचं नावच आहे. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ ज्यांनी दापोली-मंडणगडाकडं सोसलं, माडपोफळी आडव्या झालेल्या पाहिल्या, त्यांना ते नाव वाचूनच धस्स होईल. फेण्याच्या गोष्टींची वीसेक पुस्तकं झाली. २०१७ साली त्याच्यावर सिनेमाही निघाला.

फेणे काही राजपुत्र नाही. जादूची कांडी त्याच्यापाशी नाही. साधा शाळकरी पोर. डोळे उघडे ठेवतो, डोकं चालवतो आणि भ्याला तरी मागं फिरत नाही. आम्हांला तो आवडतो तो यासाठी. मात्र कधी कधी त्याला नशीब इतकी साथ देतं, की मोठ्या माणसाला हसू येतं. येऊ द्यावं.

भागवतांचं दुसरं मोठं काम म्हणजे परदेशातल्या गोष्टी त्यांनी मराठीत आणल्या. फ्रान्स देशात जूल व्हर्न नावाचा लेखक होऊन गेला. जन्म १८२८, मृत्यू १९०५. विमान नव्हतं, तेव्हा त्यानं माणसं चंद्राकडं धाडली! भागवतांच्या पुस्तकाचं नाव आहे 'चंद्रावर स्वारी'. व्हर्नची मूळ गोष्ट १८६५ ची. तीत अमेरिकेतल्या फ्लोरिडा भागातून एका अजस्र तोफेतून तीन माणसं चंद्राकडं उडवतात. पुढं शंभराहून अधिक वर्षांनी, जुलै १९६९ मध्ये, खरोखरच तीन माणसं फ्लोरिडातूनच चंद्राकडं निघाली. त्यांतली दोघं चंद्रावर उतरली. येताना ती समुद्रात उतरली. व्हर्नचीही समुद्रातच पडली होती. तोफेचं मात्र खरं नव्हे. तोफेतून उडवलं तर माणूस पहिल्याच धक्क्याला चिरडून जाईल. खरी माणसं गेली ती अग्निबाणातून.

'मुक्काम शेंडेनक्षत्र' हे आणखी एक. एक धूमकेतू पृथ्वीला घासून जातो आणि काही माणसांना आपल्याबरोबर घेऊन जातो. धूमकेतूला आपण शेंडेनक्षत्र म्हणतो. आणि मुक्काम कुठला? आपण पत्रावर 'मु. पो.' लिहितो ना, तोच! परक्या देशातली गोष्ट, पण नाव वाचूनच ती आपल्या ओटीवर येऊन बसते. भागवतांची हातोटी इथं दिसते.

'समुद्रसैतान' या पुस्तकाची हकिगत आपल्या किनाऱ्यावरच्या लोकांनी ऐकावी अशी आहे. समुद्रात काहीतरी अक्राळविक्राळ फिरतं आहे, जहाजांना धडका देतं आहे, अशी बोंब उठते. लोकांना वाटतं, हा राक्षसी मासा. निघते ती पाण्याखालून चालणारी लोखंडी बोट! तिचा कप्तान नेमो. माणसांच्या वस्तीत तो पाय ठेवत नाही. अन्न समुद्रातलं, कपडेही समुद्रातल्या जिन्नसांचे. हा नेमो कोण, कुठला, ते या गोष्टीत कळत नाही. व्हर्ननं ते पुढच्या एका पुस्तकात सांगितलं. नेमो हा आपल्या हिंदुस्थानातला, बुंदेलखंडातल्या राजाचा मुलगा! १८५७ साली तो इंग्रजांशी लढला. त्यात त्याची बायकामुलं गेली. मग तो समुद्रात दडला. बुंदेलखंड म्हणजे झाशीचा मुलूख. आणि झाशीच्या राणीच्या सासरचे नेवाळकर मूळचे आपल्या लांजा तालुक्यातल्या कोट गावचे. नेमो काही खरा माणूस नव्हे. पण फ्रान्समधल्या लेखकाला सत्तावनच्या लढ्यातला माणूस आपल्या गोष्टीत घ्यावासा वाटला, हे खरं.

आता घरातलं बोलू. पोरगी पुस्तक घेऊन ओटीवर बसते. बाप शेतावरून येतो.

"काय गो, काय वाचतेस? अभ्यास आहे का?"

"नाही बाबा, गोष्ट आहे."

"मग ठेव ते. आईला पाणी आणायला मदत कर."

मदत करावीच. पाणी दोघा भावंडांनी मिळून आणावं. पण पुस्तक 'ठेव' का? तीच पोरगी शाळेचा धडा अडखळत वाचते आणि फेण्याची गोष्ट झरझर वाचते, हे आपण पाहिलेलं असतं. हे वाचन वाया जात नाही. तोच सराव उद्या बँकेचा कागद वाचताना कामी येतो. एक उणीव मात्र सांगितली पाहिजे. व्हर्नच्या गोष्टींत चंद्राकडं जाणारे पुरुष, पाण्याखाली फिरणारेही पुरुष. मुलींना तिथं जागा फारशी नाही. म्हणून मुलींनी त्या वाचू नयेत, असं मात्र नाही. उलट, 'मी असते तर काय केलं असतं?' असं तिला विचारून पाहा.

पुस्तकं विकत घ्यायलाच हवीत असं नाही. शाळेच्या कपाटात पाहा. गावच्या वाचनालयात विचारा. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ पासूनचं आहे, म्हणजे व्हर्न जन्मला त्याच सालचं. तिथं जाऊन "भागवतांचं मुलांचं पुस्तक हवं" असं सरळ सांगावं. नातवासाठी नेतो, असं खोटं कशाला?

रात्री जेवणं झाली की पोराला जवळ घ्या. एक पान त्यानं वाचावं, एक आपण. बोट ओळीखाली ठेवायला लाजू नका. 'फास्टर' मध्ये स आणि ट जोडलेले आहेत, तिथं जीभ अडेल. 'ट्टॉक' ला तर सगळेच अडखळतात. तिथं अक्षर लावत बसू नका. जीभ टाळूला लावून तो आवाजच काढून दाखवा. पोरं हसतील आणि पुढचं पान आपणच उलटतील.