औषधभांडारातील गुणवत्ता व्यवस्थापन : एक अनुभव

इनामगाव येथे घोड नदीच्या काठी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. त्यात तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या वस्तीप्रमुखाच्या घराशेजारी धान्याचे कोठार आढळले. साठा करणे या मातीस नवे नाही. साठ्यातील वस्तू वेळेवर हाती येणे मात्र वेगळे शास्त्र आहे.

उसाच्या पट्ट्यात सर्पदंशाचे रुग्ण नेहमीचेच. विषबाधेची लक्षणे असल्यास प्रतिविषाच्या सुरुवातीस साधारणतः ८ ते १० कुप्या द्याव्या लागतात. एका रात्री असा रुग्ण आला असता कपाटात सहाच कुप्या मिळाल्या. नोंदवहीत त्याहून कितीतरी अधिक होत्या. भांडारपालांना घरून बोलावून आणेपर्यंत गेलेला वेळ आम्हांपैकी कोणासही विसरता येणार नाही. सुदैवाने रुग्ण बरा होऊन घरी गेला.

दोषाचे मूळ शोधण्यासाठी 'का?' हा प्रश्न पाच वेळा विचारण्याची पद्धत जपानच्या टोयोटा कंपनीने रूढ केली. आम्ही ती अवलंबिली. कुप्या का मिळाल्या नाहीत? मागील खोलीत होत्या. तेथून का आणल्या नाहीत? कुलूप होते. किल्ली परिचारिकांकडे का नव्हती? ती केवळ भांडारपालांकडे असावी, असा आदेश होता. आदेश का? चोरी होऊ नये म्हणून. रात्रपाळीचा विचार न करता तो का काढला, याचे उत्तर मलाच द्यावे लागले. सही माझी होती. साठा ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूस मांडावा, हे वाणिज्य शाखेत शिकलो. कुलपाआडचा साठा कोठे मांडावा, हे कोणी शिकविले नव्हते.

आता प्रत्येक जीवरक्षक औषधाचे दोन डबे असतात. पहिला संपताच दुसरा उघडावयाचा व रिकाम्या डब्यातील कार्ड भांडाराकडे पाठवावयाचे, तेच मागणीपत्र. ज्याची मुदत आधी संपते ते पुढे. दुसरी किल्ली मोहोरबंद पाकिटात रात्रपाळीच्या प्रमुख परिचारिकेकडे असते.

मुदतीनुसार रंगीत पट्ट्या लावण्याची कल्पना मुंबईच्या डबेवाल्यांवरून सुचली. १८९० च्या सुमारास सुरू झालेल्या या सेवेतील बहुतेक मंडळी आपल्याच जिल्ह्यातील मावळ, खेड, जुन्नर भागांतील. त्यांच्या अचूकतेच्या प्रसिद्ध आकड्यांविषयी मतभेद आहेत, ते असोत. झाकणावरील रंग, अक्षरे व अंक यांवरून स्थानक, इमारत व मजला कळतो आणि हात बदलले तरी डबा योग्य ठिकाणी पोहोचतो, हे आम्हांस पुरेसे वाटले.

इन्सुलिन व लसींना २ ते ८ अंश सेल्सिअस तापमान लागते. वीज गेल्यानंतरची शीतकपाटाची नोंद अद्याप हातानेच होते, व रविवारी ती कधी कधी राहून जाते. तो प्रश्न आता हाती घेतला आहे.